एकोणतीस मिनिटांची वाट

तर शहाण्णव पायऱ्या उतरून मी खाली आलो आणि घड्याळजीच्या टपरीसमोर उभा राहिलो, इथपर्यंत काल आपण आलो होतो. काल मध्येच उठावं लागलं, कारण घरून जेवायचं बोलावणं आलं, आणि आमच्या घरी ते दुसऱ्यांदा येत नाही. आज निवांत आहे. पण हातात पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन, कानावर पेन्सिल अडकवून मी त्या टपरीसमोर का उभा होतो, हे काल जे नव्हते त्यांना सांगायला हवं. नाहीतर त्यांना वाटायचं, म्हातारा घरचा रस्ता विसरला. रस्ता मी विसरलो नव्हतो, मी तो मोजत होतो. त्या दिवसांत मी माणूस नव्हतोच, मोजमापाचं यंत्र होतो, आणि यंत्राची मालकीण होती माझी थोरली सून.

सूनबाई दिसायला ठेंगणी, पायात बारा महिने सपाट बूट, खांद्याला एकच पिशवी आणि बोलणं मोजूनमापून. घरातल्या बोलण्याचा सगळा वाटा मी एकट्यानं उचलल्यामुळे बाकीच्यांना काही उरलंच नाही, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. लग्न होऊन आली तेव्हा सूनबाई भूगोल घेऊन बी.ए. झालेली होती. ती पदवी आम्ही सगळ्यांनी कौतुकानं पाहिली, काचेत घालून घेऊ म्हणालो, आणि कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिली. मग ती कुरिअरच्या कचेरीत कामाला लागली ती तेरा वर्षं.

त्या कचेरीच्या मागच्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते, एकशेवीस. पार्सल हातात घ्यायचं, पत्ता वाचायचा, बरोबर खणात टाकायचं. बाकीचे भिंतीवरची यादी बघून टाकत. सूनबाई यादीकडे बघतही नसे. पत्त्यावर नुसतं 'पाण्याच्या टाकीमागे, हिरवं फाटक' एवढंच असलं तरी तिचा हात आपोआप चौऱ्याहत्तर नंबरच्या खणाकडे जायचा, आणि वर ती पार्सल नेणाऱ्याला सांगायची की फाटक आता निळं झालंय, गेल्या वर्षी रंगवलं. कचेरीत तिचं नाव पडलं पत्तेबाई. पत्ता अर्धा असो, फाटलेला असो, पावसात भिजून शाई पसरलेली असो, 'पत्तेबाईंकडे द्या' म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

एकच गोष्ट तिला खात होती. काही वस्त्यांची पार्सलं सारखी उशिरा पोचायची. भिंतीवरच्या शहराच्या नकाशात बघावं तर वस्ती बोटभर अंतरावर, आणि पार्सलवाला घामाघूम होऊन पाऊण तासानं परत येणार. मालक म्हणायचे, पोरं आळशी आहेत. सूनबाई एका रविवारी स्वतः चालून आली. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाली, "नकाशाला जवळ आहे, पायाला लांब आहे." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं ते मला दिसत होतं.

महिन्याभरानं जेवताना तिनं सांगितलं की तिला भूगोलात एम.ए. करायचंय. वय अडतीस. आमचे चिरंजीव छापखान्यात मशिनवर आहेत, दिवसभर खडखडाटात राहून त्यांना घरी शांतता लागते. त्यांचा घास हातातच राहिला. भूगोल शिकून माणूस होतो काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. डॉक्टरकी शिकला की डॉक्टर होतो, वकिली शिकला की वकील. भूगोल शिकला की? माझी बायको पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, "नद्यांची नावं पाठ करून काय, त्यांना हाका मारायच्यात?"

मी मात्र मनातून उड्या मारत होतो. त्याचं कारण जुनं आहे. आमच्या खेड्यातल्या शाळेत एक पृथ्वीचा गोल होता. तो एकदा खिडकीतून खाली पडला आणि त्याला एका बाजूला पोचा आला, वाटीएवढा, बरोबर महासागराच्या मध्यभागी. गुरुजींनी आम्हाला तो पोचा कधी समजावून सांगितला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. चौथीच्या परीक्षेला प्रश्न आला, महासागराची वैशिष्ट्यं लिहा. वर्गातल्या सगळ्यांनी एकमतानं लिहिलं की त्याच्या मधोमध मोठा खड्डा असून तिथं बोटी पडतात. तपासनीस दुसऱ्या गावचे होते. त्यांनी आमच्या गुरुजींना बोलावून घेतलं म्हणतात. माझं भूगोलाचं शिक्षण हे असं, पोच्यापाशी थांबलेलं. घरात कोणीतरी ते पुढं नेणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला नको?

शेवटी ठरलं ते असं. कुरिअरच्या मालकांनी तिची खुर्ची दोन वर्षं राखून ठेवायचं कबूल केलं. दोन वर्षांनी जुलैच्या एक तारखेला ती परत आली तर खुर्ची तिची, नाहीतर त्यांच्या भाचीची. चिरंजीव म्हणाले, तोवर भूगोलानं कुठं काम मिळवून दिलं तर आमची हरकत नाही. नाही दिलं तर मुकाट्यानं परत खणांपुढं बसायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. सूनबाई हो म्हणाली. उठली आणि स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून पेन्सिलीनं ती तारीख लिहून ठेवली. चहाचा डबा तिथंच असतो. म्हणजे दिवसातून चार वेळा सगळ्यांना तारीख दिसणार. असली बाई.

मग सुरू झालं. पहाटे पाचला आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघी बसायच्या, सूनबाई आणि माझी नात. नात सहावीत. दोघींत रंगीत पेन्सिलींचा एकच डबा, आणि निळ्या पेन्सिलीवरून रोज भांडण, कारण आईला समुद्र रंगवायचा असायचा आणि लेकीला आकाश. एकदा मी समोच्च रेषा म्हणजे काय विचारलं. डोंगराच्या नकाशावर त्या वेड्यावाकड्या गोल गोल रेषा असतात त्या. तिनं अर्धा बटाटा कापून पालथा ठेवला, म्हणाली हा डोंगर. मग त्याचे आडवे काप केले आणि एकेक काप कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. मोठा काप खाली, लहान त्याच्या आत. जिथं रेषा दाटीनं आल्या तिथं चढ उभा, जिथं पसरल्या तिथं ऐसपैस. साठ वर्षांचं माझं कोडं एका बटाट्यात सुटलं. मी उत्साहानं आणखी तीन डोंगर कापले. त्या दिवशी संध्याकाळी बटाट्याचीच भाजी होती आणि आमच्या घरच्या मालकीणबाई कोणाशी बोलत नव्हत्या.

कॉलेजात पहिल्या दिवशी शिपायानं तिच्या हातात हजेरीपट आणि खडूचा डबा दिला. तो तिला नव्या बाई समजला. तिनं दोन्ही टेबलावर नेऊन ठेवलं आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. बरोबरची पोरं पहिला आठवडा तिला मॅडम म्हणत होती. मग ताई म्हणायला लागली, आणि सहलीला डोंगरावर तिच्या मागं धापा टाकत चढली तेव्हापासून मान देऊन म्हणायला लागली.

मी अधूनमधून तिचा डबा पोचवायला जायचो. डबा निमित्त. त्या विभागाच्या वऱ्हांड्यात एक मोठा बोर्ड होता, त्यावर जगाचा नकाशा, आणि जागोजाग टाचण्या टोचून रंगीत दोरे ताणलेले. दोऱ्याच्या टोकाला एकेक चिठ्ठी. या विभागात शिकून गेलेली मुलं आता कुठं काय करतात ते त्यावर लिहिलेलं. मी चष्मा पुसून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. एक जण हवामान खात्यात, ते समजलं. तीन शिक्षक, तेही समजलं. एक जंगल खात्यात बसून उपग्रहाच्या फोटोवरून झाडी किती घटली ते मोजतो, म्हणजे जंगलात न जाता जंगलाची नोकरी. पण एक मुलगी विमा कंपनीत? विम्यात कसला आलाय भूगोल? सूनबाईनं सांगितलं, नदीला पूर आला तर कुठल्या घरात पाणी शिरेल आणि कुठल्या नाही, हे ती नकाशावर काढून देते, आणि त्यावरून कंपनी विमा ठरवते. एक जण मोठ्या दुकानवाल्यांना नवं दुकान कुठल्या चौकात चालेल ते सांगतो. एक वर्तमानपत्रात नकाशे काढते. भूकंप झाला की कुठल्या गावाला आधी मदत न्यायची ते ठरवणाऱ्या संस्थेत दोघं. मी घरी येऊन सगळी यादी चिरंजीवांना म्हणून दाखवली. ते म्हणाले, त्यातली आपल्या घरापासून चालत जाण्यासारखी कुठली? मुद्दा त्यांचाही खोटा नव्हता. पंचेचाळीस मिनिटांच्या पलीकडची नोकरी सूनबाईला घेता येणार नव्हती, घर होतं, लेक होती, आम्ही दोघं होतो.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय निवडायचा होता. तिनं निवडला बसथांबा. आमच्या शहराच्या परिवहन खात्याची एक रीत आहे. नकाशावर प्रत्येक थांब्याभोवती कंपासनं चारशे मीटरचं वर्तुळ काढायचं. वर्तुळात जो राहतो तो थांब्याच्या जवळ राहतो, संपलं. सूनबाईचं म्हणणं, ही रीत पाखरांसाठी ठीक आहे. माणसाला भिंत आडवी येते, जिना येतो, बंद फाटक येतं. तेव्हा अंतर मीटरमध्ये मोजू नये, म्हाताऱ्या माणसाच्या मिनिटांत मोजावं. तिच्या मॅडमना ते पसंत पडलं. आणि योग असा की परिवहन खात्यात त्याच सुमारास नकाशे आणि मार्ग आखायला एक माणूस घ्यायचं ठरलं. तिथले अधिकारी मॅडमना म्हणाले, तुमच्या विद्यार्थिनीच्या तोंडी परीक्षेला मी येऊन बसतो, काम बघतो आणि मग ठरवतो. खात्याची कचेरी आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. तोंडी परीक्षा जूनच्या शेवटच्या आठवड्यात. फडताळावरची तारीख जुलैची एक. घरात चहा करणारा प्रत्येक जण आता दाराकडे बघून मगच डबा काढायचा.

मोजायला तिला म्हातारे हवे होते. तिनं तीन धरले. लोहमार्गापलीकडच्या वसाहतीत एक निवृत्त नर्स राहतात, त्या. बाजारपेठेच्या बाजूला माझा मित्र, निवृत्त टपालवाला. आणि आमच्या टेकडीवरच्या वस्तीसाठी मी. प्रत्येकानं घरून निघताना कार्डावर वेळ लिहायची, थांब्याला हात लावला की पुन्हा वेळ लिहायची, खाली सही. बारा फेऱ्या.

आता घड्याळजीकडे येतो. मी शिस्तीचा माणूस. चुकीच्या घड्याळानं मोजलं तर सुनेच्या अभ्यासाचं वाटोळं, म्हणून प्रत्येक फेरीला मी घड्याळजीच्या टपरीवर थांबून माझं घड्याळ त्याच्या मोठ्या घड्याळाशी ताडून घ्यायचो. ताडायला अर्धं मिनिट लागतं. पण तो विचारायचा, कशाला एवढी काटेकोरी? मग त्याला सगळं सांगणं आलं. पुढं चपला शिवणारा. तो विचारणार, घड्याळजीला काय सांगत होता? मग इस्त्रीवाला, त्याच्या तर दारात बाकडंच होतं. मी बारा फेऱ्या इमानदारीत केल्या. सव्वीस मिनिटं, एकतीस, अठ्ठावीस, एकदा तर चौतीस. सरासरी एकोणतीस.

सूनबाईनं ते आकडे संगणकात भरले आणि आमची टेकडी नकाशावर लालभडक झाली. पाखराला साडेतीनशे मीटर, म्हाताऱ्याला एकोणतीस मिनिटं. मोजलेल्या जागांत एवढी लाल दुसरी नव्हती. मॅडम म्हणाल्या, हाच तुझ्या प्रबंधाचा कणा. अधिकारी साहेबांना नेमकं हेच हवंय, नवा थांबा कुठं द्यायचा याचं उत्तर. चिरंजीवांनी छापखान्यात सांगून तो नकाशा दोन हात रुंद छापून आणला. घरी आणून भिंतीला लावला आणि स्वतः तीन पावलं मागं जाऊन बघत उभे राहिले. मी ते बघितलं.

आणि मी काय केलं असेल? टेकडीवरच्या दारोदार सांगितलं की जिन्याच्या पायथ्याशी थांबा येतोय. इस्त्रीवाल्यानं बाकडं थोडं बाजूला सरकवूनही ठेवलं, बसला वळायला जागा हवी म्हणून.

तोंडी परीक्षेला सहा दिवस उरले होते. माझा मित्र टपालवाला सकाळी चहाला आला होता. भिंतीवरच्या नकाशाजवळ गेला, टेकडीखालचा आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाला, "या जिन्यानं मी तीस वर्षं टपाल वाटलं. गुडघे गेल्यावरसुद्धा मला कधी पंधराच्या वर लागली नाहीत. तुला एकोणतीस कशी लागतात रे?"

माझी बायको आतून म्हणाली, "पाय पंधराच मिनिटं चालतात त्यांचे. बाकीचा वेळ तोंड."

टपालवाला हसला. मी पण हसलो. सूनबाई हसली नाही. तिनं हातातला कप खाली ठेवला आणि मला विचारलं की बाबा, वाटेत तुम्ही कुठं कुठं थांबत होतात. मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. घड्याळजी, चपलेवाला, इस्त्रीवाला, आणि दर मंगळवारी खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर. सांगता सांगता माझा आवाज आपोआप बारीक होत गेला. कारण तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघत होतो. रागावलेला नव्हता. पार्सल चुकीच्या खणात गेल्यावर होतो तसा.

मी तिला हळूच म्हटलं की हे फक्त आपल्या चौघांना माहीत आहे. टपालवाला घरचाच. कार्डावर माझी सही आहे, खोटं काही लिहिलेलं नाही, निघालो तेव्हाची आणि पोचलो तेव्हाची वेळ अगदी खरी. कोणाला कळायचंय? थांबा आपल्याच दारात येणार, नोकरी तुला मिळणार, सगळ्यांचं भलं. तिनं भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "बाबा, थांबा एकच मिळणार आहे. आपल्याकडे आला तर तो कोणाकडे जाणार होता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडे उत्तर नसणं ही घरातली मोठी घटना असते. बायको बाहेर येऊन बघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून सगळी मोजणी पुन्हा. सूनबाई आता प्रत्येकाच्या मागं स्वतः चालायची, दहा पावलं अंतर ठेवून, हातात वही. माझ्यासाठी खास नियम, तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवायची आणि ती संपेपर्यंत बोलायचं नाही. घड्याळजीनं हाक मारली, मी नुसती मान हलवली. चपलेवाला उठून उभा राहिला, त्याला वाटलं मी रागावलो. इस्त्रीवाला तर घाबरून घरी विचारायला गेला की आजोबांची तब्येत बरी आहे ना. पंधरा मिनिटं. पुन्हा पंधरा. एकदा चौदा, कारण गोळी लहान होती आणि ती संपायच्या आत पोचायला मी भरभर चाललो. टपालवाल्यालाही आमच्या जिन्यावरून चालवलं, त्याला सोळा लागली आणि मला जरा बरं वाटलं. एक मात्र मी पाहिलं. तोंड बंद असूनसुद्धा त्या तीन ठिकाणी माझे पाय सवयीनं क्षणभर थांबायचे, आणि प्रत्येक वेळी मागं सूनबाईची पेन्सिल वहीवर चालायची. काय लिहितेस विचारायची सोय नव्हती. गोळी होती.

नर्सबाईंच्या मागं ती दोन दिवस चालली. त्यांच्या वसाहतीपासून थांबा पाखराला अडीचशे मीटर. पण मधलं फाटक कायमचं बंद, म्हणून भिंतीला धरून पूर्ण वळसा. त्या बाई वाटेत कोणाशी बोलत नाहीत, बोलायला वाटेत कोणी नसतंच. बावीस मिनिटं. पहिल्या मोजणीत बावीस, दुसऱ्या मोजणीतही बावीस.

नवा नकाशा झाला. टेकडी फिकी पिवळी आणि लोहमार्गापलीकडची वसाहत लाल. चिरंजीवांना पुन्हा छापून आणायला सांगायचं धाडस तिला होईना, तेव्हा ते मी सांगितलं, चूक माझीच होती. त्यांनी भिंतीवरचा जुना नकाशा काढला, गुंडाळला, आणि एवढंच विचारलं की या वेळचा लाल पक्का आहे ना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नवा छापून आणला.

आता माझी पंचाईत बघा. टेकडीवर थांब्याची बातमी मीच पसरवली होती. ती मागं घ्यायची म्हणजे का मागं घेतोय ते सांगायला हवं, आणि ते सांगायला माझी जीभ उचलेना. आयुष्यात पहिल्यांदा एक बातमी माझ्या पोटात सहा दिवस राहिली. जेवण कमी झालं. बायको म्हणाली, बरं झालं, पोटात जागाच नाही. आणि परीक्षेच्या दिवशी बघतो तर टेकडीवरची मंडळी हजर. घड्याळजी टपरी बंद करून आला होता, चपलेवाला स्वच्छ सदरा घालून, इस्त्रीवाला तर काय, कडक इस्त्रीत. आपला थांबा मंजूर होताना बघायला आले होते.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. वीस खुर्च्या, नीट न लागणारा पडदा, आणि भिंतीवर चित्र टाकणारं ते यंत्र पंख्यासारखं घूं घूं करत होतं. पुढं मॅडम, बाहेरगावचे परीक्षक आणि परिवहनचे अधिकारी, मांडीवर कागदांची फाईल घेऊन. चिरंजीव अर्ध्या दिवसाची रजा काढून नकाशाची गुंडाळी धरून दाराशी. मागच्या रांगेत आम्ही.

सूनबाई उभी राहिली. नकाशा उलगडला आणि इस्त्रीवाला माझ्या कानाशी लागला की आजोबा, आपली टेकडी पिवळी कशी? मी म्हटलं, पुढं बघा. तिकडे परीक्षकांनी नेमकं तेच बोट ठेवलं. मार्चमध्ये दिलेल्या आराखड्यात टेकडी एकोणतीस मिनिटांची होती, ती आता पंधराची कशी झाली? मी खुर्चीत खाली सरकलो. तिनं शांतपणे सांगितलं की पहिल्या मोजणीत चूक झाली, आणि ती तिची होती. चालणाऱ्याला काय मोजायचं ते तिनं सांगितलं, काय मोजायचं नाही ते सांगायला ती विसरली. चालणारा क्रमांक एक हे बोलके गृहस्थ असून ते वाटेत चौदा मिनिटं गप्पा मारतात. खोली हसली. घड्याळजी, चपलेवाला आणि इस्त्रीवाला तिघांनी एकदम माझ्याकडे वळून बघितलं. थांबा कुठं गेला ते त्यांना कळलं, आणि तो घालवण्यात आपला वाटा किती तेही कळलं. इस्त्रीवाला आधी हसला. मग मी खुर्चीत पुन्हा सरळ बसलो.

पुढचं पोटात ठेवत नाही, एकदा ठेवून बघितलंय. अकराव्या दिवशी परिवहन खात्याचं पत्र आलं. तारीख उलटून गेली होती, पण कुरिअरच्या मालकांनी चौकशी करून खुर्ची आठवडाभर तशीच ठेवली होती. ती आता त्यांच्या भाचीची आहे आणि अडलं की भाची अजून फोन करून पत्ता विचारते. सूनबाई खात्याच्या नकाशाखोलीत बसते, खिडकीतून बसचं आगार दिसतं. लोहमार्गापलीकडं नवा थांबा झाला, नर्सबाई आता सात मिनिटांत पोचतात. फडताळाच्या दारावरची तारीख कोणी पुसलेली नाही. माझ्या बायकोनं परवा नव्या शेजारणीला ती उघडून दाखवली.

पण मला सांगायचं होतं ते त्या खोलीतलं. सगळे प्रश्न संपल्यावर अधिकारी साहेबांनी फाईल मिटली आणि हसून विचारलं, बाई, तुम्ही स्वतः राहता कुठं? ती म्हणाली, टेकडीवर. साहेब म्हणाले, म्हणजे तुमच्याच नकाशानं तुमच्याच दारातला थांबा उचलून दुसरीकडे नेला. आता घरी गेल्यावर त्या क्रमांक एकच्या गृहस्थांना काय सांगणार? सूनबाईनं मागच्या रांगेकडे पाहिलं, मग साहेबांकडे वळली, आणि शब्द न शब्द सांगतो, असं म्हणाली:

"त्यांना सांगेन की बाबा, पंधरा मिनिटं तुमच्या पायांची आहेत, त्यांना बस पुरेशी जवळ आहे. उरलेली चौदा तुमच्या हौसेची आहेत, तिला थांबा लागत नाही, बाकडं लागतं. गोळी तोंडात असतानाही त्यांचे पाय तीन जागी थांबले, आणि टपालवाले काकाही तिथंच टेकले. बाकडी कुठं हवीत त्याचा नकाशा वेगळा जोडलाय साहेब, शेवटचं पान बघा."